आईची साक्ष

माझ्या आईने आयुष्यात एकदाच माझं तोंडभरून कौतुक केलं, आणि तेही अशा जागी, अशा वेळी, की समोरची खुर्ची उचलून आपटावीशी वाटली मला. चाळिशीला टेकलेय मी. इतकी वर्षं मी घरात 'वेंधळी' होते, 'हावरट' होते, 'हिचं डोकं कुठे असतं कोण जाणे' होते. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, लग्नाआधी आणि लग्नानंतर माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा आई माझ्या चुकांचा पाढा वाचायला कधी चुकली नाही. आणि ज्या दिवशी तो पाढा खरोखर वाचायचा होता, ज्या दिवशी मी तिला हात जोडून सांगितलं होतं की आज बोल, काय काय आहे ते सगळं बोल, त्या दिवशी ही बाई खुर्चीत ताठ बसून डॉक्टरांना म्हणते, "अगदी शहाणी मुलगी होती हो. काही म्हणजे काही त्रास नाही."

पण थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच कुठूनतरी सुरू करणार आणि तुम्हाला त्याचा शेंडा ना बुडखा कळणार.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात, त्यांवरून आम्ही कवळ्या बनवतो. माझं टेबल मेणाचं. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, छोट्या ज्योतीवर सुरी गरम करून मेण वितळवायचं, दात केसभर वळवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतोय का ते बघायचं, नाही टेकला की पुन्हा मेण, पुन्हा सुरी. या कामात मी बुडाले की मला जग दिसत नाही. इतरांच्या पोटात कावळे ओरडतात, माझे कावळे मुके आहेत. सकाळी चहा होतो, तोही अर्धा, कारण उरलेला कप मी घरात कुठेतरी ठेवते आणि तो संध्याकाळी चपलांच्या कपाटावर सापडतो. दुपारी सगळ्या जेवायला उठतात. पॉलिशवाली, म्हणजे कवळ्या शेवटी घासून चकचकीत करते ती, माझी लॅबमधली मैत्रीण, ती मला हाक मारते, "अगं ए, जेवायचं नाही का?" मी म्हणते, "आलेच, हा एवढा एक दात." तो एक दात कधी एक नसतो. संध्याकाळी मी टेबलावरून उठते तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. "जगाला चावायला दात देते आणि स्वतः चावायचं विसरते," असं पॉलिशवाली म्हणते. सगळ्या हसतात. मीपण हसते, करते काय.

घरी पोचले की मात्र हसू संपतं. खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी मी फ्रिजपाशी असते. कालचा थंड भात भांड्यातूनच, मग ब्रेड, ब्रेडवर लोणी, ब्रेड संपला की नुसतं लोणी, मग बिस्किटांचा पुडा, मग दुधाची पावडर चमच्याने. उभ्याउभ्या. चव कळत नाही, काय खाल्लं तेही नीट आठवत नाही. एकच कळतं, की दिवसभर डोक्यात जी दहा माणसं एकाच वेळी बोलत असतात ती तेवढा वेळ गप्प बसतात. पोट दुखायला लागलं की मी भानावर येते. मग पुडे कचऱ्यात खोल दाबायचे आणि तोंड धुवायचं. तेवढ्यात नवरा येतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर जिने चढून दमलेला असतो, आणि बिचारा विचारतो, "तू जेवली नसशील ना? चल, बरोबर बसू." मी बसते. आणि पुन्हा जेवते.

हे इतकं झालं की एकदा मीच त्याला खाऊच्या कपाटाला कुलूप लावायला सांगितलं. किल्ली त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्क्रू काढून बिजागऱ्यांसकट दारच उतरवून ठेवलं. हात कुशल आहेत हो माझे, त्यात काही शंका नाही.

आहारतज्ज्ञ झाल्या. एक नाही, तीन झाल्या. पहिली म्हणाली, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. अगं बाई, दर दोन तासांनी मला काही आठवलं असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते! दुसरी म्हणाली, रविवारी सगळा आठवडाभराचा स्वयंपाक करून डबे भरून ठेवा. भरले. एक बसमध्ये राहिला, एक लॅबच्या कपाटात राहून त्यावर हिरवी लव आली, बाकीचे मी रविवारीच संपवले. तिसरीने सांगितलं, प्रत्येक घास सावकाश चावून खा, आणि मनावर थोडा ताबा हवा बरं का. मनावर ताबा! त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मन सापडलं तर ताबा मिळवीन ना मी.

यात लॅबमध्येही माझं गाडं घसरायला लागलं होतं. एकदा मेण उतरवायला साचे उकळत्या पाण्यात ठेवले आणि दुसरं काम हातात घेतलं. पाणी आटून भांडं जळायला लागलं, धूर झाला, एका म्हाताऱ्या गृहस्थाची वाट बघून बघून तयार होत आलेली कवळी वाया गेली. मालक ओरडले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "तुझ्याइतकं सुबक काम इथे कुणाचं नाही. पण मला सुबक काम नको, वेळेवर काम पाहिजे. पुन्हा असं झालं तर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

शेवटी एका डॉक्टरांकडे गेले, ते फक्त खाण्याच्याच तक्रारी बघतात. त्यांनी वजन केलं नाही, काय खाता विचारलं नाही. म्हणाले, "भूक लागते तेव्हा तुम्हाला कळतं का?" असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी हरवलेल्या किल्ल्यांचं विचारलं, अर्धवट सोडलेल्या कामांचं विचारलं, आणि म्हणाले, हे खाण्याचं वेगळं आणि विसरण्याचं वेगळं असं मला वाटत नाही. एडीएचडी असू शकेल, म्हणजे मेंदूची ठेवणच अशी, की लक्ष एका जागी टिकत नाही आणि आवर घालणं जड जातं. मुलींचं बऱ्याचदा लक्षातच येत नाही, कारण त्या वर्गात उड्या मारत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात. दुसऱ्या डॉक्टरांना भेटा, मानसोपचाराच्या. त्यांनी तसं निदान केलं, तर तिकडचे आणि इकडचे उपचार मिळून करता येतील.

कित्येक महिने थांबल्यावर त्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. या बाई होत्या, केस पांढरे, आवाज मऊ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं वर्णन जुळतंय. पण हे लहानपणापासून असावं लागतं, मोठेपणी उगवत नाही. त्यामुळे तुम्हाला बारा वर्षांच्या आत जवळून पाहिलेलं कुणीतरी माझ्याशी बोलायला हवं. आई, वडील, मोठं भावंड, आत्या, मावशी, कुणीही."

वडील गेलेत. मी एकुलती एक. आत्या नव्हतीच. मावशी होती, तीही गेली.

"शाळेची प्रगतिपुस्तकं चालतील," त्या म्हणाल्या.

"ती मी हरवली," मी म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

म्हणजे उरली आई. माझी नोकरी, माझं पोट, माझं डोकं, सगळं आता आईच्या तोंडावर. मला वाटलं, हे तर सोपंच आहे! माझ्या चुका सांगायला या जगात आईइतकं तयारीचं माणूस सापडणार नाही.

मी आईकडे गेले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून भांड्यातला गार बटाटा खात होती. एका शेगडीवर काहीतरी उतू जात होतं, मोरीत नळ चालू, आणि बाहेरच्या खोलीत अर्धे कपडे घडी केलेले, अर्धे तसेच. मी नळ बंद केला, शेगडी बंद केली आणि तिला सगळं सांगितलं.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?" आई म्हणाली. "मला नेतेस?"

"वेड्यांच्या नाही गं. लक्ष लागत नाही त्याच्या."

"लक्ष कुणाचं लागतं? माझं लागतं?"

"आई, फक्त लहानपणीचं सांगायचं. मी कशी वेंधळी होते, वस्तू कशा हरवायचे, जेवायला कशी यायचे नाही आणि मग कशी डबे रिकामे करायचे. तू नेहमी सांगतेस ना? तेच. जसंच्या तसं."

"बाहेरच्या बाईला?"

"डॉक्टर आहेत त्या."

"बाहेरच्याच ना?" आईने बटाट्याचं भांडं खाली ठेवलं आणि कपड्यांची घडी घालायला गेली. एक घडी झाली, दुसरी अर्ध्यावर सोडून ती बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला निघाली. मी तिच्या मागे मागे. "लग्न झालंय, संसार चाललाय, आता कशाला कागदावर आणायचं हे?" ती कुंडीशी बोलल्यासारखी बोलली. "उद्या लॅबमध्ये कळलं तर?"

"नाही आणलं तर लॅबच राहायची नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघितलं. मग मी आवाज खाली आणला. "आई, मी दमलेय. मला एकदा कुणीतरी सांगू दे की माझं काय चुकतंय. येशील ना? आणि खरं सांगशील ना?"

"मी कधी खोटं बोलते का?" आई म्हणाली.

ठरल्या दिवशी आम्ही दोघी उशिरा पोचलो. मी तिला घ्यायला चुकीच्या बसमध्ये बसले होते, आणि ती तयार होऊन, चष्मा लावून, चष्मा शोधत बसली होती. वाटेत मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं. ती मान डोलवत होती. तिने आपली चांगली ठेवणीतली पर्स काढली होती आणि केसांना तेल लावून ते चापूनचोपून बसवले होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि मला म्हणाल्या, "आता आई बोलतील. तुम्ही मध्ये बोलू नका." मग आईकडे वळल्या. "लहानपणी हिच्या वस्तू हरवायच्या का?"

"छे," आई म्हणाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"पेन, पट्टी, डबा?"

"कधीच नाही. अगदी शहाणी मुलगी होती हो. काही म्हणजे काही त्रास नाही."

"आई!" मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी हाताने मला गप्प केलं.

"एका जागी बसायची?"

"तासन् तास. पुस्तक दिलं की हलायची नाही. घर पेटलं तरी उठली नसती."

"गृहपाठ?"

"वेळेवर."

"शाळेतून कधी तक्रार?"

"एकसुद्धा नाही," आई अभिमानाने म्हणाली. "एकही बाई मला वाकडा शब्द बोलली नाही."

"आणि खाणंपिणं?"

इथे आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी जेवढं विनवता येईल तेवढं विनवलं. ती परत समोर वळली. "व्यवस्थित. ताटात वाढलेलं खायची. हावरटपणा नाही, काही नाही."

हा शब्द! तोच शब्द! माझा तोल गेला. "तू मला हावरट म्हणायचीस!" मी उभी राहून म्हणाले. "माझ्या वाढदिवसाला म्हणालीस, सगळ्या मुलींसमोर. मी केकचा दुसरा तुकडा घेतला म्हणून. माझ्या नवऱ्याला म्हणालीस की हिच्यापासून डबे सांभाळ. आणि आज काही नाही?"

"घरातलं वेगळं असतं," आई पुटपुटली.

"बसा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. मी बसले. त्यांनी पेनला टोपण लावलं. ते टोपण लावतानाच मला कळलं की संपलं. "हे बघा, मला तुमचा त्रास दिसतोय. पण लहानपणी लक्षणं नव्हती असं जवळचं माणूस सांगत असेल, तर मी हे निदान करू शकत नाही. खाण्याच्या उपचारांसाठी तुम्ही पहिल्या डॉक्टरांकडेच परत जा. ते बघतील."

म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. पुन्हा दर दोन तासांनी थोडं थोडं. मी रडत नव्हते, मला राग इतका आला होता की डोळ्यांतून पाणी आपोआप येत होतं. असं वाटत होतं की ही बाई माझ्याशी आयुष्यभर भांडली आणि जिंकायच्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या बाजूने खेळली. मी पिशवी उचलली. "चल," मी आईला म्हटलं. एवढाच शब्द मला जमला.

आई उठली. पण माझ्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "म्हणजे झालं ना? ती ठीक आहे ना?"

"तुम्ही सांगितलंत त्यावरून तरी."

"मी म्हटलंच होतं हिला." आईचा चेहरा उजळला. "असणारच ठीक. मी होते ना! एक दिवस हिचं दप्तर तपासल्याशिवाय सोडलं नाही मी."

डॉक्टरीणबाईंनी टोपण लावलेलं पेन तसंच हातात ठेवलं. "दप्तर तुम्ही भरायचात?"

"मग कोण? तिच्यावर सोडलं असतं तर रिकामं गेलं असतं."

"केव्हापर्यंत?"

"कॉलेज संपेपर्यंत," आई म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, परीक्षेच्या दिवशी तरी."

"बसा ना, आजी. आणि पेन हरवायची नाही म्हणालात?"

"हरवायला उरलं पाहिजे ना! मी गठ्ठ्याने आणून ठेवायचे. सकाळी एक द्यायचे, संध्याकाळी ते नसायचं, दुसऱ्या दिवशी नवीन. तिला वाटायचं तेच आहे." आई बसली होती आणि आता तिला खरी रंगत आली होती. आपण किती केलं हे सांगायला तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "डबा घरी विसरायची. मी शाळेत नेऊन द्यायचे. रोज. शिपाई मला ओळखायला लागला होता. नेऊन दिला तरी खायची नाही, तसाच परत आणायची."

"गृहपाठ?"

"मी समोर बसायचे. मी उठले की ती उठायची. डोळ्यांत तेल घालून बसावं लागायचं. अगदीच राहिला तर मीच लिहायचे." आईने आवाज खाली आणला. "डाव्या हाताने. अक्षर तिच्यासारखं यावं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ सांगते, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी आपली समजत होते की तेवढी तरी मी बरी होते.

"आणि तक्रारी?"

"येतील कशा? मीच आधी जायचे. सांगायचे, ताप होता, खोकला होता, रात्री पाहुणे आले होते. बाईंना बिचाऱ्यांना बोलायला जागाच ठेवली नाही मी."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. टोपण कधी निघालं मला दिसलंच नाही. "आणि जेवण?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

आईने पर्स मांडीवर ओढून घेतली. बाहेर कुणीतरी खोकलं.

"पाच हाका मारल्या तरी यायची नाही," आई शेवटी म्हणाली. "चित्र काढत बसायची, नाहीतर मुंग्या बघत. भूकच नसायची तिला. आणि मग संध्याकाळी एकदम. साखरेच्या डब्यात हात. मी मागून यायचे तर दचकायची."

"तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

"हावरट म्हणायचे." आईने पर्सची कडी उघडली, मिटली. "मला म्हणायचे ना ते. लग्न करून आले त्या घरात. दिवसभर कामाच्या नादात मी जेवायची राहून जायचे, माझं लक्षच नसायचं. मग सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात मी पातेलं घेऊन बसायचे, आणि थांबायचंच नाही काही केल्या. एकदा सासऱ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसल्यावर ते म्हणाले, हिला आधी वाढा, हिला पुरत नाही. सगळे हसले. हिचे वडीलसुद्धा." ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणून हिला मीच म्हणायचे. म्हटलं, बाहेरच्यांनी म्हणण्याआधी घरात ऐकून ऐकून लाज वाटेल, सोडून देईल."

"तुम्हाला लाज वाटली, तेव्हा तुम्ही सोडलंत?" डॉक्टरीणबाईंनी अगदी हळू विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

मला काय वाटलं ते सांगू? दया वाटली असं म्हणायला हवं. पण मला आधी रागच आला. आईचा, आजोबांचा, हसलेल्या बाबांचा, त्या तिन्ही आहारतज्ज्ञांचा, शाळेतल्या एकेका बाईचा. एका घरात दोन बायका पाठोपाठ उभ्याउभ्या पातेलं चाटून खात होत्या आणि एकमेकींना नावं ठेवत होत्या. आणि कुणाला, कुणाच्याही बापाला, एकदा विचारावंसं वाटलं नाही की भूक लागते तेव्हा कळतं का.

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं संपवलं. "ठीक आहे," त्या मला म्हणाल्या. "मला जे हवं होतं ते मिळालं. तुम्हाला एडीएचडी आहे. लहानपणापासून आहे. दिसलं नाही, कारण दिसू दिलं गेलं नाही. मी आजच तुमच्या त्या डॉक्टरांशी बोलते, खाण्याचे आणि याचे उपचार आम्ही दोघं मिळून ठरवू. एकदम जादू होणार नाही. पण आता निदान योग्य ठिकाणी काम सुरू होईल."

हे ऐकायला मी वर्षानुवर्षं थांबले होते. वाटलं होतं, ऐकल्यावर हलकं वाटेल. वाटलं थोडंसं. पण त्याच्या मागोमाग डोक्यात हिशेब सुरू झाला की हे तेव्हाच कळलं असतं तर काय काय झालं नसतं, आणि तो हिशेब काही केल्या थांबेना.

आई मात्र वेगळंच काहीतरी विचारत होती. "म्हणजे तो आळस नव्हता?"

"नाही."

"आणि ते खाणं? हावरटपणा नव्हता तो?"

"नाही हो, आजी. भूक वेळेवर कळत नाही, आणि कळते तेव्हा आवरत नाही. शिवाय दिवसभर दमलेलं डोकं त्यात थोडा विसावा शोधतं. स्वभाव वाईट आहे म्हणून होत नाही हे."

"मग मला कुणी का नाही सांगितलं?" आई म्हणाली. ती रागावली होती. माझ्यावर नेहमी रागवायची तशी नाही, हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "सत्तरी उलटली माझी. इतकी वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय. मग माझं बघा ना. आत्ता बघा. मलाही विचारा."

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण आईने त्यांना बोलू दिलं नाही. तिला नियम माहीत होता, मीच तो तिला वाटेत दहा वेळा समजावला होता. ती बोटांवर माणसं आठवू लागली. तिची आई. तिचा मोठा भाऊ. माझी मावशी. शेजारची मैत्रीण, जिच्याबरोबर ती शाळेत जायची. प्रत्येक नावाला ती एक बोट मिटत गेली.

"मला लहानपणी पाहिलेलं कुणी उरलंच नाही गं," ती मला म्हणाली.

बाहेरून पुढच्या पेशंटला हाक मारली गेली. दार उघडून कुणीतरी आत डोकावलं आणि परत गेलं. मी आईचा हात धरला आणि उठायला सांगितलं, पण ती उठेना. मग मीही बसून राहिले.